हरणांच्या हंगामापूर्वी जुन्या रायफलीची तपासणी : घरी काय करावे आणि गनस्मिथकडे काय न्यावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पेन्सिल्व्हेनियात राहता आणि एका निवृत्त शेजाऱ्याकडून आपण विंचेस्टर मॉडेल ७० ही .३०-०६ काडतुसाची, १९७० च्या दशकातील बोल्ट-ॲक्शन रायफल घेतली आहे. ती बरीच वर्षे तळघरात चामड्याच्या म्यानात पडून होती. गेल्या हंगामात कडाक्याच्या थंडीत पहाटे चाप ओढला तेव्हा नुसता ‘टक्’ असा आवाज आला आणि गोळी सुटलीच नाही. नंतर रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) ज्या सुटल्या त्या नेमापासून वीतभर उजवीकडे, आणि त्याही विखुरलेल्या लागल्या. दुर्बीण बदलावी, नळी बदलावी की रायफलच बदलावी, असे आपण विचारले आहे.

मी मूळचा टूलरूममधला माणूस आहे. पिंपरीत जिग आणि फिक्श्चर बनवण्यात उमेदीची वर्षे गेली आणि गेली वीस-बावीस वर्षे मध्य पेन्सिल्व्हेनियात एका दुरुस्तीच्या दुकानात बाकावर बसून इतरांच्या रायफली उघडतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की यांपैकी काहीही बदलण्याची गरज बहुधा पडणार नाही. बिघडली म्हणून आलेल्या रायफलींपैकी बहुतेकींचे दुखणे सैल स्क्रू, घट्ट झालेले जुने तेल आणि नळीत साचलेले तांबे या तीन गोष्टींत सापडते. उरलेल्या थोड्या रायफलींत मात्र खरा धोका असतो, आणि तो ओळखून हात आखडता घेणे हे दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे आहे. म्हणून खाली जो क्रम दिला आहे तो मोडू नये. दुर्बिणीच्या चकत्या फिरवण्याचे काम त्यात अगदी शेवटी येते, आणि बहुतेक लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

वेळेचे आधी सांगतो. पेन्सिल्व्हेनियात रायफलीने हरीण मारण्याचा मुख्य हंगाम पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतरच्या) सोमवारी सुरू होत असे. २०१९ पासून तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. ज्याला दुरुस्ती हवी आहे त्याने रायफल सप्टेंबरमध्ये उघडावी आणि गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, न्यायची असेल तर ऑक्टोबर उजाडण्याआधी न्यावी. एखादा भाग मागवावा लागला तर मग वेळ हाताशी राहतो.

पहिले काम रायफल रिकामी असल्याची खात्री करण्याचे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडावा, मॅगझिनचे, म्हणजे काडतुसांच्या कप्प्याचे, झाकण खाली पाडून आत पाहावे आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या पोकळीत) करंगळी घालून चाचपावे. डोळ्यांवर एकट्यावर भरवसा ठेवू नये. आमच्या आजोबांकडे सावंतवाडीकडच्या गावी पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. ते ती हातात घेतली की प्रथम गज नळीत सोडून तो किती बाहेर उरतो ते पाहत. गजावर एक खूण होती, ती बाहेर दिसली की बंदूक ठासलेली आहे असे समजायचे. यंत्र बदलले तरी सवय तीच हवी. याच वेळी नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव स्वतः वाचून घ्यावे. .३०-०६ च्या चेंबरमध्ये .३०८ विंचेस्टरचे काडतूस शिरते आणि कधीकधी सुटतेही, पण ते आखूड असल्याने त्याची पुंगळी आत फुटते. पूर्वीच्या मालकाने ‘याच्याबरोबरच आहेत’ म्हणून दिलेल्या पेटीतील प्रत्येक काडतुसाचा तळ वाचल्याशिवाय ते वापरू नये.

त्या चामड्याच्या म्यानातून रायफल कायमची बाहेर काढावी. चामडे दमट हवेतील ओल धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेले क्षार धातूला गंज चढवतात. तळघरात तर हे अधिकच होते. दस्ता काढल्यावर नळीचा आणि रिसीव्हरचा (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याचा) लाकडात बसलेला भाग नीट पाहावा, कारण वरून चकचकीत दिसणाऱ्या रायफलीला गंज खालून खातो. तांबूस पूड असेल तर तेलात भिजवलेल्या अगदी बारीक स्टील वूलने ती हलक्या हाताने निघते आणि खालचा काळा-निळा रंग बहुधा टिकतो. बोटाच्या नखाला खड्डा जाणवू लागला असेल तर मात्र घासत बसण्यात अर्थ नाही. तो भाग कारागिराला दाखवावा.

आता त्या ‘टक्’ आवाजाकडे येतो, कारण आपल्या प्रश्नाचा अर्धा भाग तिथे आहे. न सुटलेले ते काडतूस आपण जपून ठेवले असेल तर त्याचा प्रायमर (तळाच्या मध्यावरची, दारू पेटवणारी छोटी वाटी) भिंगाखाली पाहावा. तळाच्या मध्यावर खोल, गोल खळगा असेल तर काडतूस खराब होते. खळगा उथळ, जेमतेम टोचल्यासारखा असेल तर फायरिंग पिन (बोल्टच्या आतली, प्रायमरवर आदळणारी सळई) पुरेशा जोराने आदळली नाही. माझ्या बाकावर येणाऱ्या अशा रायफलींत दहापैकी आठ वेळा पिन शाबूत असते. तिच्याभोवतीचे तेल घट्ट झालेले असते. घरगुती मशीन ऑइल किंवा ग्रीस वर्षानुवर्षे बोल्टच्या पोटात साठते, त्याचा मधासारखा चिकट, पिवळट थर होतो, आणि पेन्सिल्व्हेनियातील नोव्हेंबरअखेरच्या पहाटे पारा शून्याखाली पाच-दहा अंशांवर गेला की स्प्रिंगचा अर्धा जोर तो थर कापण्यातच खर्ची पडतो. घराच्या उबेत तीच रायफल बिनतक्रार ‘टक्’ करते, त्यामुळे मालकाला दोष सापडत नाही.

मॉडेल ७० चा बोल्ट उघडणे सोपे आहे, आणि याचे श्रेय तिच्या तीन टप्प्यांच्या सेफ्टीला, म्हणजे रायफल चुकून सुटू न देणाऱ्या कळीला, आहे. सेफ्टी पूर्ण मागे असताना बोल्ट बंद राहतो, पूर्ण पुढे असताना रायफल सुटू शकते, आणि मधल्या टप्प्यात फायरिंग पिन अडवलेली असूनही बोल्ट उघडता येतो. रिकाम्या रायफलीचा बोल्ट उघडून बंद करावा म्हणजे ती ताणली जाते (पिन मागे अडकून सुटायला तयार होते), सेफ्टी मधल्या टप्प्यावर आणावी, बोल्ट मागे ओढावा आणि रिसीव्हरच्या डाव्या बाजूची कळ दाबून तो बाहेर काढावा. मग बोल्टच्या मागील टोपीच्या बाजूला असलेली छोटी खुंटी दाबून ती टोपी डावीकडे फिरवत उलगडावी. पिन, स्प्रिंग आणि टोपी एका जुळणीत हातात येतात. या सर्व वेळी सेफ्टीला धक्का लागू देऊ नये. ती पुढे सरकली तर पिन झटक्याने पुढे उडते आणि ती पुन्हा मागे ओढून अडकवताना बोटांची सालटी निघतात. नव्या माणसाचा पहिला शनिवार बहुधा याच उद्योगात जातो.

बाहेर आलेली जुळणी आणि बोल्टची पोकळी ब्रेक क्लीनरने किंवा साध्या मिनरल स्पिरिटने धुवावी. खोली हवेशीर असावी आणि द्राव दस्त्यावर उडू देऊ नये, कारण तो लाकडावरचे पॉलिश उतरवतो. पोकळीत चिंधी गुंडाळलेली काडी फिरवत राहावी आणि चिंधी कोरडी व पांढरी निघेपर्यंत थांबू नये. पिनचे टोक गोल, गुळगुळीत असावे. टवका उडालेले किंवा खाचा पडलेले टोक प्रायमरला भोक पाडू शकते आणि मग जळता वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. स्प्रिंग वाकडी किंवा आखूड झाली असेल तर नवी घालावी. ती फार महाग नसते. परत जोडताना पिनवर तेलाचे बोट पुसल्याइतकाच थर ठेवावा. कडक थंडीच्या भागात काही जण पिन पूर्ण कोरडी ठेवतात किंवा ग्रॅफाइटची पूड वापरतात, आणि तेही योग्यच आहे. ग्रीसची जागा एकच : बोल्टच्या पुढील दोन खुंट्यांची मागची बाजू, जिथे धातू धातूवर दाबाने घासतो. तिथे तांदळाच्या दाण्याएवढे पुरते.

असेच पुन्हा कधी रेंजवर झाले तर बोल्ट लगेच उघडू नये. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण उशिरा पेटणारे काडतूस उघड्या बोल्टमध्ये फुटले तर ते बॉम्बसारखेच असते. आवाज नेहमीपेक्षा मंद आला आणि धक्का कमी बसला तर पुढची गोळी कदापि झाडू नये. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते.

नळी साफ करताना बोल्ट काढून मागच्या बाजूने गज घालावा. तोंडाकडून गज घातला की तो कडेवर घासतो, आणि नळीच्या तोंडाची कड ही गोळीला शेवटचा स्पर्श करणारी जागा असल्याने तिथला एक ओरखडा नेम बिघडवतो. ही कड तपासण्याची सोपी रीत अशी : कान साफ करण्याची कापसाची काडी तोंडाच्या आतील कडेवरून बाहेरच्या दिशेने फिरवावी. ज्या ठिकाणी कापसाचा धागा अडकतो तिथे टवका आहे. ती कड पुन्हा कापून घेणे हे लेथवरचे तासाभराचे काम आहे आणि त्याने विखुरणाऱ्या रायफली सुधारलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत. आत प्रकाश टाकून कोळ्याचे जाळे किंवा मातकट माशीचे घर नाही ना, तेही पाहावे. तळघरात आणि गॅरेजमध्ये ठेवलेल्या बंदुकांत ते आढळते, आणि नळीतील अडथळा नळी फोडू शकतो.

साधा सॉल्व्हंट दारूची काजळी काढतो. गोळीच्या वेष्टनाचे तांबे त्याने निघत नाही. त्यासाठी तांबे विरघळवणारा सॉल्व्हंट लावून बाटलीवर दिलेली मिनिटेच थांबावे आणि फडके ओढावे. फडके हिरवट-निळे निघाले तर तांबे आहे असे समजावे. एक सूचना : गजाचे टोक पितळी असेल तर तेही विरघळून फडके निळे करते आणि माणूस उगाच दिवसभर घासत राहतो. पूर्वीच्या मालकाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी काडतुसे वापरली असतील तर नळीत बारीक खड्डे दिसण्याची शक्यता आहे. त्या प्रायमरमधून क्षार उरत, ते हवेतील ओल ओढत आणि ते तेलाने निघत नसत, गरम पाण्यानेच निघत. थोडे खड्डे पडलेली नळीही हरणाच्या अंतरावर चांगली चालते, म्हणून एवढ्यावरून ती बाद करू नये.

आता स्क्रू. आपल्या वीतभर विचलनाचे कारण मला इथेच दिसते. दस्त्याला रिसीव्हर धरून ठेवणारे मॉडेल ७० चे स्क्रू तीन आहेत. पुढचा आणि मागचा भार घेतात; मधला फक्त टेकवायचा असतो. तो ताकदीने आवळला तर रिसीव्हर धनुष्यासारखा वाकतो आणि नेम फिरतो. लाकडी दस्त्यात पुढचा-मागचा स्क्रू साधारण ३५ ते ४० इंच-पाउंडांवर (आवळण्याच्या जोराचे माप) आवळावा. हा जोर मोजणारा टॉर्क स्क्रू-ड्रायव्हर उसना मिळाला तरी घ्यावा, आणि पातीचे तोंड खाचेत चपखल बसेल असेच घ्यावे, नाहीतर स्क्रूची खाच फुलते आणि पुढच्या कारागिराला तुमची ओळख पटते. स्क्रू आवळल्यावरही लाकूड आणि रिसीव्हर यांत हालचाल जाणवत असेल, किंवा मागच्या टोकाशी, मुठीजवळ लाकडात केसासारखी चीर दिसत असेल, तर तिथे बेडिंग, म्हणजे रिसीव्हर घट्ट बसावा म्हणून लाकडात इपॉक्सीचा साचा, करून घ्यावे लागेल. हे काम इपॉक्सीने घरी करणारे लोक आहेत, पण रिलीज एजंट (इपॉक्सी धातूला चिकटू न देणारा लेप) एका जागी लावायचे राहून गेल्याने दस्ता आणि रिसीव्हर एकमेकांना कायमचे चिकटलेली रायफल मी करवतीने सोडवली आहे. पहिल्यांदा तरी ते दुसऱ्याकडून करून घ्यावे. नळी आणि दस्ता यांमध्ये कागद सरकवून पाहण्याची पद्धत बरोबर आहे, परंतु कागद पुढच्या टोकाशी अडला म्हणून लगेच लाकूड तासू नये. काही रायफलींत तिथे मुद्दाम आधार ठेवलेला असतो. एका बाजूलाच घासत असेल तर मात्र ते दमट हवेने फुगलेले लाकूड आहे, आणि गोळ्या एका बाजूला जाण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

दुर्बिणीच्या बाबतीत वरच्या कड्या पाहून समाधान मानू नये. कड्या सोडवून दुर्बीण उचलावी आणि खालच्या बेसचे स्क्रू तपासावेत. तिथे बोटानेही फिरणारा स्क्रू सापडणे ही रोजची गोष्ट आहे. भोके आणि स्क्रू तेलरहित करावेत, निळ्या थ्रेड-लॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावावा, आणि कड्यांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंडांवर, आलटून-पालटून, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत आवळावेत. बेसचा आकडा निर्मात्याच्या पत्रकातून घ्यावा. मग स्क्रूच्या डोक्यापासून कडीपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढावी. पुढच्या वर्षी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला आहे हे न चाचपता कळते.

चापाची तपासणी रिकाम्या रायफलीवर करावी. ताणून सेफ्टी पूर्ण मागे घ्यावी, चाप जोरात ओढून सोडावा, मग हात चापापासून दूर ठेवून सेफ्टी पुढे करावी. पिन पडता कामा नये. त्यानंतर सेफ्टी पुढे असताना बोल्ट आठ-दहा वेळा जोराने आपटून बंद करावा, आणि ताणलेल्या रायफलीचा दस्ता रबरी पायपोसावर ठोकावा. तेव्हाही पिन पडू नये. यांपैकी एकाही वेळी ‘टक्’ झाले तर तपासणी तिथेच थांबवावी आणि रायफल कारागिराकडे न्यावी. चाप हलका करण्याच्या हौसेने आतल्या टोकांवर सँडपेपर किंवा दगड फिरवणे हा मला माहीत असलेला सर्वांत घातक घरगुती उद्योग आहे. हंगामात हातात जाड हातमोजे असतात. साडेतीन-चार पाउंडांचा स्वच्छ चाप शिकारीला उत्तम.

कारागिराकडेच न्यायची दुसरी गोष्ट म्हणजे हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचा चेहरा आणि चेंबरचा खांदा यांतील अंतर. ते ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेजनेच मोजले जाते आणि फरक काही हजारांश इंचांचा असतो. घरी त्याची चाहूल मात्र लागू शकते : झाडलेल्या पुंगळीच्या तळापासून पाव-अर्धा इंच वर चकचकीत कडे उमटले असेल, किंवा प्रायमर तळाच्या पातळीबाहेर आला असेल, तर गेज लावल्याशिवाय पुढची गोळी झाडू नये. मागच्या मालकाने नळी किंवा बोल्ट बदलला असेल तर ही तपासणी टाळताच येत नाही. दुसऱ्यांच्या बंदुका व्यवसाय म्हणून दुरुस्त करणाऱ्याकडे अमेरिकेत संघीय परवाना असावा लागतो, तो आहे का हे विचारण्यात संकोच नको.

यानंतर रेंज. बोल्ट काढून, रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून, नळीतून पंचवीस यार्डांवरचा ठिपका मध्यावर आणावा आणि रायफल न हलवता दुर्बिणीची फुली त्याच ठिपक्यावर आणावी. मग पंचवीस यार्डांवर एक-दोन गोळ्या झाडाव्यात. बहुतेक दुर्बिणींच्या चकतीची एक क्लिक म्हणजे कोनाचे पाव मिनिट (अंशाच्या साठाव्या भागाचा चौथा हिस्सा), म्हणजे शंभर यार्डांवर एक इंच सरकायला चार क्लिक लागतात, तर पंचवीस यार्डांवर सोळा. हा हिशेब चुकल्याने अर्धी पेटी वाया घालवणारे लोक दरवर्षी भेटतात. शंभर यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे गट झाडावेत आणि प्रत्येक गटानंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावे, कारण शिकारीच्या रायफलीची नळी बारीक असते आणि तापली की गोळ्या सरकतात. .३०-०६ मधून १५० ग्रेन (गोळीच्या वजनाचे माप) वजनाची गोळी शंभर यार्डांवर दोन इंच वर लागेल असा नेम ठेवला तर ती सुमारे दोनशे यार्डांवर पुन्हा नेमावर येते. पेन्सिल्व्हेनियाच्या दाट जंगलात यापेक्षा लांबचा नेम धरण्याची वेळ फारशी येत नाही. दोन इंचांचा गट मिळाला की थांबावे. स्क्रू आवळूनही गट दोन ठिकाणी फुटत असेल तर वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे असा चौकोन झाडून पाहावा. शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी न लागल्यास दोष दुर्बिणीच्या पोटात आहे, आणि मग ती बदलण्याचा आपला विचार मान्य.

परवान्याबद्दल दोन वाक्ये, कारण आपल्या लोकांकडून याच बाबतीत चूक होते. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक जवळ बाळगण्यास मनाई आहे. चालू शिकार परवाना हा त्यातील एक अपवाद आहे, म्हणून परवाना आधी आणि रायफलीला हात नंतर. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. राज्याच्या गेम लँड्सवरील (शिकारीसाठी राखलेल्या सरकारी जमिनींवरील) रेंज वापरायलाही शिकार परवाना किंवा रेंजचे परमिट लागते.

नेम बसल्यावर नळी पुन्हा चकचकीत करू नये. तेलकट किंवा नुकत्याच घासलेल्या नळीतून पहिली गोळी वेगळ्याच जागी जाते, आणि शिकारीत महत्त्वाची तीच असते. कोरडे फडके एकदा ओढून पुरे. मग हंगामाआधीच्या आठवड्यात एका रात्री रायफल रिकामी करून, कुलूपबंद पेटीत, न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवावी. सकाळी ती घरात न आणता तशीच रेंजवर न्यावी, कारण थंड काच उबदार खोलीत आली की तिच्यावर दव धरते. तिथे शंभर यार्डांवर एकच गोळी झाडावी, कागदावर तारीख आणि तापमान लिहावे आणि रायफल परत पेटीत ठेवावी. असे तीन वेगवेगळ्या सकाळी करावे. तोच कागद तिन्ही वेळा वापरला आणि तिन्ही भोके तळहाताखाली झाकली गेली, तर आपल्या शेजाऱ्याची रायफल ठणठणीत आहे.